चाकाची किंमत कोणाच्या खांद्यावर

बेळगावहून बागलकोटकडे जाणारा रस्ता सांबरा या गावावरून पुढे जातो. या रस्त्याच्या पूर्वेच्या टोकाला, बागलकोटकडे, वर्षाला ६०० मिलिमीटर पाऊसही धड होत नाही. उलट बेळगावहून पश्चिमेला निघाले, तर शंभर किलोमीटरच्या आत आंबोलीचा घाट लागतो आणि तिथे ७००० मिलिमीटरच्या घरात पाऊस कोसळतो. एका बाजूला काळी माती आणि तापलेले डांबर, दुसऱ्या बाजूला तांबडी माती, धुके आणि रस्त्यावरून वाहणारे पाणी. सांबऱ्याच्या माणसाला एकाच आठवड्यात दोन्हीकडे गाडी न्यावी लागते. म्हणून चारही चाकांना नवे टायर घालायची वेळ आली की 'सगळ्या हंगामांत चालणारा' टायर हवा हे तो गृहीतच धरतो. प्रश्न उरतो नामांकित कंपनीचा महाग घ्यावा की स्वस्तातला, एवढाच. हा हिशेब बहुतेक जण किंमत भागिले किलोमीटर असा करतात. माझे म्हणणे असे की या हिशेबातून एक रकाना नेहमी गळतो आणि या भागातल्या चाकांचा गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास पाहिला की तो कोणता ते स्पष्ट दिसते. इथे स्वस्त चाक बहुतेक वेळा स्वस्त राहिले ते त्याच्या किमतीचा काही भाग दुसऱ्या कोणीतरी भरला म्हणून. कधी रस्त्याने, कधी बैलाने, कधी समोरून येणाऱ्या वाहनातल्या माणसाने.

सुरुवात लोखंडी धावेपासून करावी लागते. बैलगाडीचे चाक सुतार आणि लोहार यांच्या जोडकामातून तयार होई. मध्ये बाभळीचा तुंबा, त्यात ठोकलेले आरे, आऱ्यांच्या टोकांवर बसवलेले वाकडे लाकडी तुकडे, आणि या सगळ्याला बाहेरून आवळून धरणारी लोखंडी पट्टीची कडी म्हणजे धाव. ही कडी चाकाच्या घेरापेक्षा जाणूनबुजून किंचित तोकडी करत. जमिनीवर आडवी ठेवून तिच्याभोवती गोवऱ्या रचत आणि जाळ करत. लोखंड तापून लाल झाले की कडी फुगे. मग दोघे-तिघे मिळून ती सांडशीने उचलत, चाकावर बसवत, घणाचे ठोके घालून खाली सारत आणि लाकूड पेटायच्या आत वरून घागरी ओतत. पाणी पडताच लोखंड आकसे, आणि तुंब्यापासून परिघापर्यंतचा एकेक सांधा करकरून घट्ट होई. उन्हाळ्यात लाकूड सुकले की धाव ढिली पडे, म्हणून गाडीवान चाके पाण्यात भिजत ठेवत. पावसाळ्यात लाकूड फुगून ती आपोआप आवळली जाई. ऋतूंचा आणि चाकाचा संबंध या लोकांना कोणी शिकवावा लागला नव्हता. शिवाय गाडीचा मालक हे सगळे उभा राहून पाहत असे. लाकूड कोणते, लोखंड किती जाड, सांधा कसा बसला, हे त्याच्या डोळ्यांसमोर ठरे.

अशा चाकांवर या भागाचा मोठा व्यापार चालला. रेल्वे येण्याआधी देशावरचा कापूस बैलगाड्यांतून घाट उतरून वेंगुर्ल्याच्या बंदरात जाई आणि परतीच्या गाड्यांत मीठ-नारळ वर येत. १८८०च्या दशकाच्या अखेरीस सदर्न मराठा रेल्वे बेळगावला पोहोचली, तेव्हा लांबचा माल रुळांवर गेला आणि गाड्या स्टेशनापर्यंतच्या वाहतुकीला लागल्या. पण गाड्यांची संख्या त्यामुळे घटली नाही, उलट खडीच्या रस्त्यांवर त्यांची गर्दी वाढली. इथेच धावेचा दुसरा चेहरा दिसू लागला. अरुंद धावेला लोखंड कमी लागे, म्हणून ती स्वस्त पडे. पण चाक जितके अरुंद तितका सगळा भार कमी जागेवर पडतो आणि खडी तितकी जास्त भरडली जाते. भरलेल्या गाड्या एकामागून एक त्याच चाकोरीतून गेल्या की रस्त्याला दोन खोल चर पडत, पावसाळ्यात त्यांत पाणी साचे आणि पुढच्या वर्षी पुन्हा खडी टाकावी लागे. लोखंडाच्या पट्टीत वाचलेले पैसे सरकारी रस्त्याच्या दुरुस्तीत खर्च होत होते.

हा खर्च कोणी द्यायचा, हा प्रश्न पुढे देशपातळीवर एका मराठी माणसापुढे आला. बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली १९२७ साली रस्तेविकास समिती नेमली गेली. तिच्या शिफारशींतून १९२९ मध्ये पेट्रोलवर गॅलनमागे दोन आणे जादा कर बसला आणि त्यातून रस्त्यांसाठी स्वतंत्र निधी उभा राहिला. मोटारवाल्याने जितका रस्ता वापरला तितके पैसे भरायचे, हे तत्त्व त्या दोन आण्यांत होते. बैलगाडीवाल्याला असा कर लावणे ना शक्य होते, ना न्याय्य. बरेचसे अंतर तो कच्च्या गाडीवाटेनेच तोडत असे आणि त्याच्या हाती रोकड जेमतेम असे. आणि दोष एकट्या धावेचाही नव्हता. वेगाने जाणारी मोटार खडीतली बांधून धरणारी बारीक माती उडवून टाकी आणि मग सुट्या झालेल्या खडीवरून धाव फिरे. दोघांनी मिळून रस्ता खाल्ला. पुढे काही ठिकाणी गाड्यांच्या चाकांसाठी काँक्रीटच्या दोन समांतर पट्ट्या टाकून पाहण्याचे प्रयोगही झाले. चाक बदलणे मालकाला परवडत नसेल तर चाकाखालचा रस्ताच बदलावा, असा तो विचार होता.

रबराची धाव तोवर जगात येऊन जुनी झाली होती. रॉबर्ट थॉमसनने हवेच्या टायरचे पेटंट १८४०च्या दशकात घेतले होते, पण ते विस्मरणात गेले. १८८८ मध्ये बेलफास्टमधल्या जॉन बॉइड डनलॉप या जनावरांच्या डॉक्टरने तीच कल्पना पुन्हा साकारली. भारतात डनलॉपचा कारखाना हुगळीकाठी साहागंजला १९३६ मध्ये सुरू झाला आणि मोटारींच्या जोडीने जनावरांनी ओढायच्या गाड्यांसाठीही टायर निघू लागले. पण रबर गावोगाव पोहोचण्याआधी युद्ध आले. १९४२च्या फेब्रुवारीत सिंगापूर पडले, मलायातले रबराचे मळे जपानच्या ताब्यात गेले आणि हिंदुस्थानात टायरवर रेशनिंग आले. त्याच १९४२ साली ब्रिटिश हवाईदलाने सांबऱ्याच्या माळावर धावपट्टी बांधली. रबराचा दुष्काळ पडला असताना प्रत्येक विमान उतरताना त्यातले थोडे रबर त्या धावपट्टीवर ठेवून जात होते. झिजलेल्या टायरवर नवा थर चढवून तो पुन्हा वापरण्याची कला जगभर याच टंचाईत रुजली. तिच्याकडे पुढे परत यायचे आहे.

स्वातंत्र्यानंतर साखर कारखाने आले आणि गाडीच्या चाकाला रबर कायमचे लागले. संकेश्वरचा हिरण्यकेशी, निपाणीचा हालसिद्धनाथ आणि पलीकडे कोल्हापूर जिल्ह्यातले कारखाने या सगळ्यांच्या गाळप हंगामात रस्त्यावर टायरगाड्यांची रांग लागते. रबराचे चाक डांबराला चर पाडत नाही, हादरे कमी बसतात, चाक हलके फिरते. तेव्हा इथे तरी महाग चाकाने सगळ्यांचेच भले झाले, असे म्हणता येईल का? ऊसतोडीच्या व्यवहारात 'गाडी सेंटर' आणि 'टायर सेंटर' असे वेगळे प्रकार आहेत. टायर सेंटरमध्ये गाडी बहुधा कारखान्याची, भाड्याने दिलेली असते. बैल मात्र तोडणी करणाऱ्या कुटुंबाचे, मुकादमाकडून उचल घेऊन विकत आणलेले. चाक हलके फिरू लागल्याबरोबर त्यावर भार वाढला. १९६५च्या जनावरांविषयीच्या क्रूरता प्रतिबंधक नियमांतच हे आकड्यांत लिहिलेले आहे. मोठ्या बैलाच्या दोन चाकी गाडीला हवेचा टायर नसेल तर ९०० किलो, असेल तर १३५० किलोपर्यंत ओझे चालते. रबराने जे ओढकाम वाचवले ते बैलाच्या विश्रांतीत जमा झाले नाही, दीडपट ओझ्यात गेले. आणि उसाच्या गाडीवर हंगामात किती मोळ्या रचल्या जातात हे रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाने पाहिलेले आहे. फायदा टनावर मोजणाऱ्याचा, खांदा बैलाचा, आणि बैल बसला तर नुकसान तोडकऱ्याचे.

बंगळूरच्या आयआयएमचे संचालक राहिलेले प्रा. एन. एस. रामस्वामी यांनी सत्तरच्या दशकात बैलगाडीच्या सुधारणेचा विषय धसाला लावला, तेव्हा त्यांचा भर केवळ चाकावर नव्हता. जू, आख, बेअरिंग, गाडीचे वजन, सगळ्यांचा विचार एकत्र करा, असे ते सांगत. मला त्यांचे हे म्हणणे फार मोलाचे वाटते. चाक सुधारले आणि जू तसेच राहिले, तर सुधारणा कोणाच्या पदरात पडते हे उसाच्या रस्त्यावर दिसतेच आहे.

आता मोटारीच्या टायरकडे येऊ. 'ऑल-सीझन' हा प्रकार मुळात बर्फाच्या देशातला. अमेरिकेत हिवाळ्यात वेगळे आणि उन्हाळ्यात वेगळे टायर घालावे लागत, ती कटकट वाचवायला गुडइयरने १९७७ मध्ये 'टिएम्पो' हा बारमाही टायर बाजारात आणला. आपल्याकडे बर्फ नाही. आपले हंगाम म्हणजे वैशाखातले डांबर आणि मृगानंतरचा पाऊस, आणि इथे विकला जाणारा जवळजवळ प्रत्येक मोटारीचा टायर याच दोहोंसाठी विकला जातो. त्यामुळे लेबलवरच्या 'सर्व हंगाम' या शब्दांसाठी जादा पैसे मोजण्यात सांबऱ्याच्या गिऱ्हाइकाचा काही लाभ नाही. खरा फरक रबराच्या घडणीत असतो. रबर कडक ठेवले तर ते जास्त टिकते, पण ओल्या रस्त्यावर घसरते. मऊ ठेवले तर पकड मिळते, पण लवकर झिजते आणि फिरताना जास्त ऊर्जा खाते. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला मिशलॅनने काजळीच्या जोडीला सिलिका मोठ्या प्रमाणात मिसळून ही ओढाताण बरीच सैल केली. ओल्यात पकड राहिली आणि इंधनही वाचले. महाग टायरमध्ये पैसा जातो तो मुख्यतः अशा मिश्रणात आणि ते तपासण्यात. धावेच्या काळातला मालक लोखंडाची जाडी डोळ्यांनी मोजत असे. आजच्या मालकाला टायर कापून आतले दोर किंवा मिश्रण पाहता येत नाही, म्हणून तो नावावर आणि किमतीवर विसंबतो.

पण किंमत हा गुणाचा पुरावा मानावा का? नाही, आणि याला भारतातलाच मोठा दाखला आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने पाच बड्या टायर कंपन्यांना आणि त्यांच्या संघटनेला संगनमताने दर ठरवल्याबद्दल मिळून १७८८ कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला. प्रकरण २०११-१२ मधले, ट्रक-बसच्या क्रॉसप्लाय टायरचे होते, आणि आदेश २०२२ मध्ये जाहीर झाला. त्या वर्षअखेर अपिलीय न्यायाधिकरणाने ते पुन्हा विचारासाठी आयोगाकडे परत पाठवले, हेही नोंदवायला हवे. पण दर आणि दर्जा यांचे नाते बाजार सांगतो तितके सरळ नाही, एवढे त्यातून नक्की कळते. २०२० मध्ये परदेशी टायरच्या आयातीवर बंधने आल्यावर स्वस्त चिनी मालाचा लोंढा ओसरला. ही बंधने देशी कारखान्यांच्या हिताची होती. गिऱ्हाइकाच्या हिताची होती की नाही, हे त्यानंतर दर कसे हलले यावर ठरते.

दुसरा आक्षेप याहून वजनदार आहे. ज्याच्याकडे पैसेच नाहीत त्याने काय करायचे? पुणे-बंगळूर रस्त्यावर निपाणीपासून बेळगावपर्यंत तंबाखू, ऊस, भाजीपाला वाहून ज्या छोट्या ट्रकमालकांनी संसार उभे केले, ते रिमोल्ड टायरवरच. नवा टायर त्यांच्या आवाक्यात असता तर त्यांनी तोच घेतला असता. त्यांच्या काटकसरीला नावे ठेवणारा माणूस हप्त्यावर घेतलेल्या ट्रकचा हिशेब कधी मांडून पाहत नाही. आणि रिमोल्ड हा शब्द ऐकून नाक मुरडण्याचेही कारण नाही. टायरमधला बराचसा माल आणि मेहनत त्याच्या सांगाड्यात, केसिंगमध्ये असते. झिजतो तो फक्त वरचा नक्षीचा थर. तो खरवडून काढायचा, सोल्यूशन लावायचे, नवा पट्टा बसवायचा आणि उष्णता व दाब देऊन शिजवायचा, एवढेच ते काम. आज महाग टायरसाठी ओळखली जाणारी एमआरएफ १९४६ मध्ये मद्रासला फुगे बनवत सुरू झाली आणि १९५२ मध्ये ती टायरच्या धंद्यात शिरली ती याच कामाचे, म्हणजे रिट्रेडचे, रबर बनवत. नवे टायर तिने साठच्या दशकात काढले.

या आक्षेपाचे खरे उत्तर सांबऱ्याच्या धावपट्टीवरच मिळते. जिथे हवाईदलाचे एअरमेन ट्रेनिंग स्कूल आहे आणि ज्या विमानतळावरून आज प्रवासी विमाने उडतात, तिथे उतरणाऱ्या विमानांच्या चाकांवर रिट्रेड केलेले टायर असणे ही जगभरातली नेहमीची बाब आहे. उतरणाऱ्या विमानाचा टायर स्थिर असतो आणि जमिनीला टेकताच क्षणात ताशी शेकडो किलोमीटरच्या वेगाने फिरू लागतो. त्या क्षणी रबर घासून धूर निघतो. शिवाय त्यात नायट्रोजनचा दाब मोटारीच्या टायरच्या कित्येक पट असतो. तरी तो झिजला की फेकून देत नाहीत. केसिंग काढून नेतात, आतून-बाहेरून तपासतात, थर सुटले आहेत का ते यंत्राने पाहतात, आणि पात्र ठरले तरच नवी नक्षी चढवतात. एकच केसिंग असे अनेकदा परत वापरात येते आणि प्रत्येक फेरीची नोंद राहते. म्हणजे स्वस्त पर्याय तिथेही आहेच, फक्त त्याचा धोका प्रवाशावर ढकललेला नाही, कारण तपासणीचा खर्च मालकाने भरलेला आहे. निपाणीच्या ट्रकमालकाचा दोष रिमोल्ड वापरण्यात कधीच नव्हता. खोट होती ती केसिंग तपासणारी व्यवस्था त्याच्यापर्यंत पोहोचली नाही यात, आणि उन्हात तापलेल्या टायरची नक्षी सुटून रस्त्यावर पट्टे पडले तेव्हा त्याची किंमत मागच्या दुचाकीस्वाराने मोजली.

म्हणून मी टायरच्या गुणांची वाटणी किमतीवरून करत नाही. काही गुण असे आहेत की त्यांची उणीव फक्त मालकालाच भोवते. आवाज जास्त येणे, थोडे पेट्रोल जास्त जाणे, पाच हजार किलोमीटर आधी झिजणे. इथे स्वस्त घ्यावे, खुशाल घ्यावे, ज्याचा त्याचा प्रश्न. काही गुण मात्र असे की त्यांची उणीव दुसऱ्याच्या अंगावर येते. ओल्या रस्त्यावर थांबायला लागणारे अंतर आणि उष्णतेत केसिंगचा टिकाव हे त्यातले मुख्य. सांबऱ्याच्या विमानतळावरून गोव्याचे भाडे घेऊन चोर्ला घाटाने पावसात उतरणाऱ्या टॅक्सीच्या बाबतीत ओल्या रस्त्याची पकड ही चैन नाही, ती समोरून चढणाऱ्याचा हक्क आहे. जी गाडी बेळगावच्या बाजारात जाऊन येते आणि वर्षाला चार-पाच हजार किलोमीटर चालते, तिची गोष्ट वेगळी. तिचे टायर झिजण्याआधी वयाने कडक होतात. तिथे नावापेक्षा बाजूवर कोरलेला चार आकडी शिक्का, पहिले दोन आकडे आठवडा आणि पुढचे दोन वर्ष, हे पाहून ताजा माल घेणे जास्त शहाणपणाचे. दुकानात दोन वर्षे पडून राहिलेला नामांकित टायर सवलतीत घेण्यात काही मिळकत नाही.

यावर कोणी म्हणेल की सामान्य गिऱ्हाइकाने ओल्या पकडीची तुलना करायची कशी? २०२२ मध्ये केंद्र सरकारने मोटार, ट्रक आणि बसच्या टायरसाठी एआयएस-१४२ हे मानक लागू केले. नव्या टायरला आता फिरण्याचा विरोध, ओल्यावरची पकड आणि आवाज या तिन्हींत किमान पातळी गाठावीच लागते. याचा अर्थ अधिकृतपणे विकला जाणारा स्वस्तातला स्वस्त टायरही एका उंबरठ्याच्या वर आहे. वीस वर्षांपूर्वी असे छातीठोकपणे म्हणता येत नव्हते. जयकर समितीने सुचवलेल्या पेट्रोलवरच्या दोन आण्यांनी जे साधले, म्हणजे रस्ता वापरणाऱ्याच्या खिशातूनच त्याचा खर्च काढणे, त्याच जातीचे हे पाऊल आहे, आणि मी त्याचे मनापासून स्वागत करतो. उणीव एवढीच की ही पातळी टायर नवा असतानाची. कायद्याने मोटारीच्या टायरची नक्षी १.६ मिलिमीटरपर्यंत झिजली तरी चालते, आणि पाणी बाजूला सारण्याची ताकद तर त्याच्या कितीतरी आधी ढासळू लागते. अर्धी नक्षी गेलेल्या महाग टायरपेक्षा नवा कोरा स्वस्त टायर आंबोलीच्या पावसात बरा थांबू शकतो. आणि महाग टायर घेणाराच तो गोटा होईपर्यंत वापरायला सर्वांत जास्त उत्सुक असतो, कारण त्याला त्यातले पैसे वसूल करायचे असतात. तेव्हा स्वस्त की महाग हा निर्णय दुकानात एकदाच होतो असे समजण्यात चूक आहे. तो दर पावसाळ्याच्या तोंडाशी, रोहिणी सरताना, नक्षीच्या खाचेत बोट घालून पुन्हा करावा लागतो, आणि त्या वेळी हिशेबात समोरच्याचाही रकाना धरावा लागतो.